टांगलेली सायकल

माझ्या मित्राची सायकल साताऱ्यातल्या माझ्या खोलीत तुळईला टांगलेली असे. एक दोर सीटखालून, एक हँडलखालून, आणि चाके जमिनीपासून हातभर वर. टायर फार दिवस जमिनीला टेकून राहिला की एका जागी बसतो आणि तिथे तडकतो, म्हणून ही व्यवस्था. ती त्यानेच केली होती. रजा संपवून पलटणीत परत जायच्या आदल्या दिवशी तो सायकल घेऊन आला, स्टुलावर चढला आणि तुळईला दोर बांधता बांधता मला सूचना देऊ लागला.

"गावात ठिवली तर चार दिसांत गावाची हुईल. आज ह्याला बाजाराला पायजे, उद्या त्याला पावन्याकडं. तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. दर ऐतवारी चाकं फिरव, दोन थेंब तेल टाक. दुसरं काय करू नगंस."

"आणि चालवली तर?" मी थट्टेने विचारले.

"तुझी तुला हाय की रं. एक बायको मिळंना, आन् दोन पायजेत व्हय गड्याला?"

तो खाली उतरला. मागचे चाक त्याने हाताने फिरवले. फ्रीव्हीलची टिकटिक खोलीभर वाजत राहिली आणि हळूहळू थांबली. लढाई सुरू होऊन तीन वर्षे होत आली होती. त्याला कुठे पाठवणार हे त्याला माहीत नव्हते.

तो साताऱ्यापासून चार मैलांवरच्या गावचा. शेतकऱ्याचा मुलगा, माझ्याबरोबर शाळेत होता. शाळा संपल्यावर तो फौजेत गेला आणि मी एका अडतीच्या पेढीवर लागलो. पेढी सांगलीची, जैन मालकांची. हळद आणि गुळाचा व्यापार. साताऱ्याच्या शाखेत पत्रव्यवहार सांभाळायला मी होतो. माल पोचला, माल निघाला, भाव उतरला, कळावे, लोभ असावा. दिवसभर मी दुसऱ्यांच्या वतीने पत्रे लिहीत असे.

घरी कोणी नव्हते. आई मी नोकरीला लागायच्या आधीच गेली. बहीण आटपाडीकडे दिली होती, तिच्याकडे वर्षातून एकदा जाणे व्हायचे. बाकी सायकल. पहाटे पोवई नाक्यावरून माहुलीला उतरायचे, संगमावर पाय धुऊन चढ चढत परत यायचे, मग अंघोळ करून पेढीवर. संध्याकाळी यवतेश्वरच्या घाटात दम टिकेल तिथपर्यंत. रविवारी गोणपाट अंथरून सायकल खोलायची. चाकाच्या मध्यातल्या हबमधले छर्रे वाटीत रॉकेलमध्ये टाकायचे, फडक्याने एकेक पुसायचा, ग्रीसमध्ये परत बसवायचा. माणसांशी बोलताना मला शब्द वेळेवर सापडत नसत. हबचा कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारी चकती, किती आवळायचा हे मात्र बोटांना बरोबर कळे. किंचित जास्त आवळला तर चाक रडते, किंचित सैल राहिला तर डुलते.

या वेडात मला सोबत केली ती फक्त त्याने. पहिल्या रजेवर आला तेव्हा पगाराच्या शिलकीतून त्याने नवी कोरी सायकल घेतली आणि सरळ माझ्या दारात आणून उभी केली. "शिकीव," म्हणाला. मी शिकवले. पंक्चर काढायला, चाकाचा डग, म्हणजे वाकडेपणा, काढायला. चेन झिजली की नाही हे कसे ओळखायचे तेही शिकवले. पुढच्या दातेरी चक्रावरची चेन बोटाने बाहेर ओढायची, नवी असेल तर हलत नाही, झिजलेली असेल तर दात सोडून वर येते. रजेतल्या प्रत्येक रविवारी आम्ही वाईला जायचो. लिंब, उडतारे, पाचवड, मग उजवीकडे नदी दिसू लागायची. घाटावर पाण्यात पाय सोडून भेळ खायची आणि ऊन कलले की परत. तो वाटेत अखंड बोलायचा, मी ऐकायचो. मला ते पुरे होते.

तो गेला आणि पंधरा दिवसांनी मी त्याच्या सायकलीला पहिल्यांदा हात लावला.

वस्तू अगदी बारीक होती. माझ्या पुढच्या चाकाच्या वॉल्वची रबरी नळी कुजली, हवा टिकेना. बाजारात नळी नव्हती. ब्रह्मदेश आणि मलाया जपान्यांनी घेतल्यापासून रबर म्हणून काही मिळेनासे झाले होते. मी स्टुलावर चढलो, त्याच्या चाकाच्या वॉल्वमधली नळी काढली आणि मापभर तुकडा कापून घेतला. उरलेला परत बसवला. त्याचे काही बिघडले नाही. खाली उतरून मी रविवारसारखी दोन्ही चाके फिरवली, जरा जास्तच वेळ.

पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात माझे टायर गेले. मागच्याला आतून जुन्या टायरचा तुकडा घालून मोच्याकडून शिवून घेतला होता, तो दोन महिने चालला. मग ट्यूब इतकी विरली की ठिगळावर ठिगळ बसेना. सातारभर लोक टायरमध्ये चिंध्या आणि काथ्या भरून सायकली ढकलत होते. मीही चिंध्या भरून पाहिल्या. आठवडाभर पाठीचा मणका न् मणका मोजून घेतला आणि सायकल भिंतीला लावली. पायी पेढीवर जाऊ लागलो.

पायी जाण्यात काही वाईट नव्हते. सगळे जग जातच होते. पण पहाटे जाग यायची आणि जायला कुठेच जागा नसायची. डोळे उघडले की समोर तुळईला ती दिसायची. काळे टायर, खोल नक्षी, मध्ये उभी रेघ, मुळीच न झिजलेले. तीन आठवडे मी असा पडून तिच्याकडे बघत होतो. मग एका रविवारी चाके फिरवायची म्हणून स्टूल ओढले आणि ती खालीच उतरवली.

मी त्याचे टायर-ट्यूब काढून माझ्या सायकलीला घातले. माझे शिवलेले टायर पुसून, चिंध्या भरून, त्याच्या रिमवर चढवले. लांबून दोन्ही सारखेच दिसत होते. सायकल परत टांगली. दुसऱ्या दिवशी पहाटे माहुलीचा उतार उतरताना मला जे सुख झाले ते मी नाकारणार नाही. वारा कानात भरला होता आणि डोळ्यांना पाणी येत होते. परत आणीन, मिळाले की नवे आणून घालीन, असे मी तोंडाने मोठ्याने म्हणत होतो. रस्त्यावर दुसरे कोणी नव्हते.

त्याला पत्र लिहायचा दिवस आला. पत्रे फौजेच्या टपालातून जायची. पत्ता म्हणजे नंबर आणि पलटण, गावाचे नाव नाही. तो आफ्रिकेत आहे की आणखी पुढे गेला आहे, मला कळत नव्हते. माझे टायर संपत आलेत हे जाताना त्याने स्वतः दाबून पाहिले होते. वाईला गेलो होतो असे लिहिले तर तो पहिले विचारणार, कुठल्या टायरवर? म्हणून मी लिहिले की माझी सायकल बंद पडली आहे, टायर मिळत नाही, मी पायी जातो. तुझ्या सायकलीची चाके दर रविवारी फिरवतो, तेल घालतो. साताऱ्यात थंडी पडली आहे. कळावे.

त्या पत्राचे उत्तर दोन महिन्यांनी आले. त्यावर सेन्सॉरचा शिक्का होता. पेन्सिलीने, वेड्यावाकड्या अक्षरात त्याने लिहिले होते, "तू चालत फिरतोस हे वाचून वाईट वाटले. माझ्या गाडीचे टायर काढून तुझ्या गाडीला घाल. रबर पडून राहिले तरी मरतेच. माझी शपथ आहे. वाईला जा आणि मला कळव."

ते पत्र हातात घेऊन मी खोलीत उभा होतो आणि त्याचेच टायर घातलेली माझी सायकल दारात उभी होती. आता फक्त एक ओळ लिहायची होती. घातले, उपकार झाले. तेवढ्याने सगळे धुतले गेले असते. पण ती ओळ लिहायची तर पत्र येण्याआधीच घातले हे लपवावे लागणार, नाहीतर तेही कबूल करावे लागणार, आणि मला दोन्ही जमेना. दिवसभर पेढीवर विचार करून संध्याकाळी मी जे लिहिले ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.

"तुझे मन मोठे आहे, पण ठेव ती ठेव. तू लढाईवर आणि मी तुझ्या टायरवर हिंडायचे, हे मला शोभणार नाही. सायकल आहे तशी टांगलेली राहील. तू परत आल्यावर पहिले पायडल तूच मारायचेस."

लिहून झाल्यावर मी ते पुन्हा वाचले, आणि मला ते आवडले. ज्याने हे पत्र लिहिले तो माणूस चांगला होता. मला तो व्हायचे होते.

त्यानंतर घेण्याला काही धरबंध राहिला नाही. टायर नवे आणि चेन जुनी, चढावर दात सोडायची. म्हणून त्याची चेन घेतली. नवी चेन जुन्या फ्रीव्हीलवर बसत नाही, म्हणून फ्रीव्हील घेतले. ब्रेकचे गुटके, पायडले, शेवटी हबमधले छर्रेसुद्धा. दर वेळी माझा झिजलेला भाग त्याच्या सायकलीत जायचा, स्वच्छ पुसून. वर्षभरात तुळईला सांगाडा, हँडल, सीट आणि रिमा त्याच्या राहिल्या, बाकी माझी मोडतोड. आणि मी त्याच्या चेनवर, त्याच्या टायरवर, वाईला, कोरेगावला, एकदा तर थेट कऱ्हाडपर्यंत जाऊन आलो. कुणाला सांगितले नाही. ज्याला सांगावे असा एकच होता.

त्याची बायको दर खंडेनवमीला यायची. साताऱ्याकडे त्या दिवशी हत्यारे, अवजारे, कोयता-कुदळ सगळे धुऊन पूजतात. फौजेतल्या घरी तर विशेष. त्याचे हत्यार सरकारजमा, घरात पूजायला त्याचे म्हणून काही नाही, म्हणून ती सासऱ्यांबरोबर बैलगाडीने बाजाराला आली की माझ्या खोलीवर येऊन त्याच्या सायकलीची पूजा करायची. सासरे बाहेर पायरीवर तंबाखू मळत बसायचे. मी सायकल खाली उतरवून द्यायचो. ती हँडलला, सीटच्या दांडीला, दोन्ही चाकांना हळदकुंकू लावायची, झेंडूची माळ घालायची, पाण्याने हात ओला करून टायरवरून फिरवायची आणि डोळे मिटून उभी राहायची.

पहिल्या वर्षी मला ते बरे वाटले होते. टायर घेतल्यानंतरच्या खंडेनवमीला ती आली तेव्हा तिचा ओला हात माझ्या शिवलेल्या, चिंध्या भरलेल्या टायरवरून फिरताना मी पाहिला. नवऱ्याचे म्हणून ती जे पूजत होती त्यात नवऱ्याचे फारसे काही नव्हते. त्याचे सगळे दाराशी, माझ्या सायकलीत होते.

मी म्हणालो, "वहिनी, माझ्याही सायकलला जरा कुंकू लावता का?"

तिने वळून पाहिले. "आवं भावजी, तुमची तुमी लावा की. फौजंत हाय व्हय तुमची?"

"लावा ना."

"त्याच्यासाठीच म्हंते, बायकू करा. माझ्या सासूबाई पोरगी बघत्यात म्हनल्या तर पळून जाताय."

बाहेरून सासरे ओरडले, "लाव गं! कचेरीत जाणाऱ्याची बी लढाईच हाय."

ती हसली. मग तिने खोलीभर नजर टाकली. एक स्टोव्ह, एक ताटली, एक पेला, दोरीवर एक धोतर. तिचे हसू ओसरले. तिने पाण्यात हात बुडवला आणि माझ्या सायकलीलाही तसेच कुंकू लावले, तशीच माळ अर्धी तोडून घातली, टायरवरून तसाच हात फिरवला. जाताना दोन धपाटी फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवली. मी एकटा आहे म्हणून मागतो आहे असे तिला वाटले. मी एकटा होतो हे खरेच होते. त्याचे टायर, त्याची चेन यांना तिचे कुंकू लागावे म्हणून मी मागितले होते, हेही खरे होते. पुढच्या वर्षी तिने न सांगता दोन माळा आणल्या.

लढाई संपली त्या पावसाळ्यात पेढीने साताऱ्याची शाखा बंद केली आणि मला सांगलीला बोलावले. निरोप मिळाल्यावर ती सासऱ्यांना घेऊन आली.

"लढाई सपली, आता येतीलच. गाडी आमी घरी न्हेतो," ती म्हणाली.

गाडी गावात गेली असती तर गावातल्या पहिल्याच जाणत्याने सांगितले असते की ही मोडीत काढायच्या लायकीची आहे. मी म्हणालो, "त्याने माझ्याकडे ठेवली आहे, त्याच्याच हातात देईन. गावात धूळ फार."

तिने टांगलेल्या सायकलीच्या चाकावर हात ठेवला. "मंग यंदाची पूजा तुमीच करा. दोनीची करा. इसरू नगा."

"करीन," मी म्हणालो.

मी दोन्ही सायकली सर्व्हिस मोटारीच्या टपावर टाकून सांगलीला आलो. सांगली सपाट. चढ नाही, उतार नाही, गावभर सायकली. दर चौकात पंक्चरवाला. सायकलवाल्याला याहून चांगले गाव नाही, आणि मी तिथे कधी नव्हे इतका उदास झालो. खोली मिळाली, तुळई मिळाली, सायकल परत टांगली. खंडेनवमीला कुंकवाची पुडी आणली, दोन्ही सायकली धुतल्या आणि समोर बसलो. कुठलीला लावायचे हे मला ठरवता येईना. दुपारी उठून पेढीवर गेलो. पुडी कोनाड्यात तशीच राहिली.

थंडी सरता सरता त्याचे कार्ड आले. सुटलो, घरी पोचलो, येत्या रविवारी सांगलीला येतो, गाडी न्यायला.

तोवर बाजारात टायर थोडेफार दिसू लागले होते. मी नवे टायर आणि ट्यूब आणल्या आणि त्याच्या सायकलीला घातल्या. माझ्या सायकलीतून त्याची चेन, त्याचे फ्रीव्हील, पायडले, छर्रे, सगळे काढून जिथल्या तिथे परत बसवले. टायर सोडले तर आता त्याच्या सायकलीत त्याचे सगळे होते. फक्त ते दोनेक वर्षे चाललेले होते. मी रॉकेलने धुतले, तेलाने चमकवले, आणि उजेडात धरले की दात टोकदार झालेले दिसत, तिकडे पाहायचे टाळले.

तो आला तेव्हा मी त्याला आधी ओळखलेच नाही. वाळला होता, काळा पडला होता आणि डाव्या कानाने ऐकू येईनासे झाले होते. कुणी बोलले की मान वळवून उजवा कान पुढे करायचा. खोलीत शिरताच त्याने वर पाहिले आणि लहान मुलासारखा हसला. आम्ही दोघांनी मिळून सायकल खाली घेतली. त्याने टायर दाबला, अंगठा नक्षीवरून फिरवला.

"हे माझं न्हवं."

"जुने पडून पडून तडकले," मी म्हणालो. "म्हणून नवे घातले."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माझ्यापायी नवं घातलंस व्हय रं? आन् सोता चालत फिरलास?"

मी चहा करायला स्टोव्हकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी पेढीला मी रजा टाकली होती. सकाळी आम्ही हरिपूरला निघालो. सांगलीहून हरिपूरचा रस्ता दोन्ही बाजूंनी चिंचेच्या झाडांचा, सावलीचा. तो पुढे, मी मागे. माझ्या सायकलीत आता माझे जुने भाग परत आले होते, चेन खडखडत होती. पायडलाला जोर दिला की त्याचीही दात सोडत होती. मी मागून ऐकत होतो. एकदा, दोनदा. त्याला ऐकू येते आहे की नाही, मला कळेना. अर्ध्या वाटेवर तो उतरला. सायकल झाडाला टेकवली, मागचे चाक उचलून फिरवले आणि उजवा कान त्याच्याजवळ नेला. मग हबवर तळवा ठेवून उभा राहिला. परत बसला.

संगमाच्या घाटावर आम्ही बसलो. जवळच्या शेतात जमिनीखालच्या पेवांतून हळद काढत होते, वाऱ्याला तिचा वास होता. तो पाण्याकडे न बघता सायकलीकडेच बघत होता. शेवटी उठला, खाली बसून पुढच्या चक्रावरची चेन बोटाने बाहेर ओढली. ती सुटून अर्धे बोट वर आली. मी शिकवले होते तसेच.

"टांगल्याल्या गाडीची चेन झिजती व्हय रं?" त्याने विचारले.

मी सांगितले. वॉल्वच्या नळीपासून सुरुवात केली आणि छर्र्यांपर्यंत काही ठेवले नाही. तो उजवा कान माझ्याकडे करून ऐकत होता, त्यामुळे त्याचे तोंड मला दिसत नव्हते.

"मी लिवलं हुतं की तुला, टायर घाल म्हनून."

"तेव्हा घातलेलेच होते."

"मंग तसं लिवायचं."

"लाज वाटली."

"आन् 'पहिलं पायडल तूच मारायचंस' लिवताना न्हाई वाटली?"

मी घाटाच्या पायरीवर बोटाने रेघ ओढत राहिलो.

"त्ये पत्र मी तंबूत वाचून दावलं हुतं," तो म्हणाला. "एक पंजाबी हुता, त्याला हिंदीत सांगितलं. समद्यास्नी म्हनायचो, बघा, माझा दोस्त चालत फिरतुया, पर माझ्या गाडीला हात लावत न्हाई. कुनी कुनाचं काय उचललं की तुझं नाव काढायचे तितं."

"आन् पूजा?" मग त्याने विचारले. "ती म्हनली, यंदा तू केलीस."

"नाही केली."

त्याने मान हलवली. बराच वेळ तो खडे उचलून पाण्यात टाकत होता. मला वाटले होते तो शिव्या देईल. मी त्या शिव्यांची वाट पाहत होतो.

"गाडीचं मला काय न्हाई. लोखंड हाय, झिजायचंच. पर तू वाईला जात हुतास. कऱ्हाडला गेलास. मला एकदा लिवायचंस की, आज वाईला गेल्तो, घाटावर बसलो, पानी हितवर हुतं, भेळवाला हाय का मेला. मी बी आलो असतो की रं तुझ्यासंगं. तितं वाळूत पडून दुसरं काय काम हुतं मला? तुझं पत्र आलं की चार दिस न फोडता ठिवायचो. आन् फोडलं की आत काय? चाकं फिरवली. तेल घातलं. थंडी पडली हाय."

एवढे बोलून तो उठला. परतताना मी पुढे होतो आणि त्याच्या चेनचा आवाज मागून येत होता.

दुपारच्या सर्व्हिस मोटारीने तो निघाला. साताऱ्यापर्यंत सायकल चालवत जायचा त्याचा बेत होता, पण या चेनवर ते शक्य नव्हते. मी नवी चेन आणून बसवून देतो म्हणालो. "नगं," म्हणाला. "दोर दे तेवढं." तुळईचे दोन्ही दोर सोडून मी त्याला दिले. त्याने स्वतः टपावर चढून त्याच दोरांनी सायकल बांधली. मोटार सुरू झाली. आपल्याकडे निघताना माणूस 'येतो' म्हणतो. तो 'जातो' म्हणाला.

मी त्याला दोन पत्रे पाठवली, माफी मागणारी. पेढीच्या पत्रांसारखीच झाली ती, नीट आणि कोरडी. उत्तर आले नाही. खंडेनवमी आली आणि गेली. मग मार्गशीर्षात एक कार्ड आले. पेन्सिलीने, त्याच्याच वेड्यावाकड्या अक्षरात. वर मायना नाही, खाली सही नाही. फक्त तीन वाक्ये.

"चाके फिरवली. तेल घातले. थंडी पडली आहे."

हा राग होता, थट्टा होती की त्याच्या परीने पुन्हा बोलायला सुरुवात होती, मी ठरवू शकलो नाही. कार्ड अजून माझ्याकडे आहे आणि अजूनही ठरत नाही. पण त्या संध्याकाळी मी माफीचे पत्र लिहायचे सोडून दिले आणि कागद घेऊन बसलो. अडीच वर्षांतल्या सगळ्या फेऱ्या आठवल्या तशा लिहिल्या. घाटावर पाणी कुठवर होते, भेळवाला जिवंत होता आणि म्हातारा झाला होता, कोरेगावच्या वाटेवर कुत्रे मैलभर मागे लागले होते, कऱ्हाडहून परत येताना अंगात ताप होता आणि हाक मारावी असे कोणी नव्हते. दोन संध्याकाळी लागल्या. अकरा पाने झाली. माझ्या आयुष्यात मी कुणाला लिहिलेले ते सर्वांत लांब पत्र.

त्याचे उत्तर आले नाही. पुढे साताऱ्याला जाणे झाले तरी त्याच्या गावच्या फाट्यावर उतरण्याचे धैर्य मला झाले नाही. मी सांगलीतच राहिलो. लग्न केले नाही. अजून रविवारी हरिपूरला जातो आणि परत आल्यावर गोणपाट अंथरतो.

पत्र त्याला पोचले एवढे मी धरून चालतो. ते असे सुरू होत होते, "तुझे टायर मी घातले होते. पहिल्याच रविवारी वाईला गेलो. पाचवडच्या पुढे दोन्ही अंगांना ऊस डोक्याच्या वर गेला होता, आणि वारा मागून होता."